ऐंशी किलोमीटरवरचा श्रोता

पाश्चात्त्य अभिजात संगीताचं नवं ध्वनिमुद्रण आलं, आणि त्यातही ते व्हायोलिन कन्चेर्टोचं (वाद्यवृंदासह एकल व्हायोलिन) किंवा स्ट्रिंग क्वार्टेटचं असलं, की मराठी रसिकांमध्ये दोन शेरे हमखास ऐकू येतात. पहिला असा की, या रचनांची ढीगभर मुद्रणं आधीच झालेली आहेत, मग आणखी एक कशाला? दुसरा असा की, खरं संगीत मैफलीत असतं, मुद्रणात नसतं. आणि ते परक्यांचं असेल तर त्याची उठाठेव आपण का करावी? दोन्ही शेरे जाणकारीच्या सुरात मारले जातात. पहिला अर्धवट माहितीवर उभा आहे. दुसरा चुकीचा तर आहेच, शिवाय अन्यायाचा आहे.

अन्याय कुणावर, हे पाहायचं तर मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावर यावं लागेल. वांगणीपर्यंत ठाणे जिल्हा. त्यापुढे शेलू, म्हणजे रायगडच्या कर्जत तालुक्यातलं पहिलं स्टेशन, आणि मग नेरळ. बाजूला भातशेती, पलीकडे माथेरानचा डोंगर, आणि स्टेशनच्या आसपास उभ्या राहिलेल्या नव्या इमारती. मुंबईत, कल्याण-डोंबिवलीत घर परवडलं नाही म्हणून इथवर आलेली कुटुंबं त्यांत राहतात. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस इथून सुमारे ८० किलोमीटर, लोकलने साधारण दोन तास. नरिमन पॉइंटला नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्समध्ये, म्हणजे एनसीपीएमध्ये, संध्याकाळी सातला सुरू झालेली मैफल नऊच्या सुमाराला संपते. तिथून सीएसएमटी गाठायचं आणि कर्जतची गाडी धरायची. बदलापूरच्या पुढे गाड्या विरळ होतात, एक चुकली तर फलाटावर ताटकळत बसायचं. घरी पोहोचेपर्यंत मध्यरात्र, आणि सकाळी पुन्हा तीच गाडी उलट्या दिशेने. ‘रेकॉर्ड काय ऐकता, मैफलीला जा’ हा सल्ला सभागृहापासून टॅक्सीच्या अंतरावर राहणाऱ्याने दिलेला असतो. शेलूच्या श्रोत्याचं सभागृह म्हणजे त्याचं ध्वनिमुद्रणच. चांगलं मुद्रण निघालं नाही, तर त्याच्यापुरती ती रचना जगात नसते.

यात सभागृहांना कमी लेखण्याचा हेतू नाही. एनसीपीए १९६९ साली स्थापन झालं, त्याचं जमशेद भाभा नाट्यगृह १९९९ मध्ये उघडलं. खुशरू सनटूक आणि कझाक व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव्ह यांनी २००६ मध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया उभा केला. या देशात हे काम किती अवघड आहे, ते उभं करणाऱ्यांनाच ठाऊक. पण नाट्यगृहात खुर्च्या हजार-अकराशे. मुंबईच्या परिघात राहणाऱ्या कोट्यवधींतून त्या खुर्च्यांपर्यंत कोण पोहोचतं, हे आवडीइतकंच पत्त्यावर ठरतं.

मैफलच खरी, हा आग्रह मराठी माणसाने धरावा याचं तर विशेष आश्चर्य वाटतं. त्याची किंमत आपणच मोजली आहे. भास्करबुवा बखले १९२२ मध्ये गेले. ज्यांच्या गाण्याबद्दल पिढ्यान्‌पिढ्या बोललं जातं, त्यांचा आवाज कुठल्याही तबकडीत नाही. अल्लादियाखाँसाहेब १९४६ पर्यंत होते. तोवर ध्वनिमुद्रणाचा धंदा या देशात चाळीसहून अधिक वर्षं चालू होता, तरी त्यांचं गाणं आज ऐकता येत नाही. केसरबाई आणि मोगूबाई या त्यांच्या शिष्यांच्या मुद्रणांवरून मागे जात अंदाज बांधावा लागतो. उलट अब्दुल करीमखाँसाहेबांच्या तबकड्या पाहा. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं, तेवढ्यात राग बसवायचा, आवाज खरखरीत. तरीही ती तबकडी ऐकून एका मुलाला गाण्याचं वेड लागलं आणि तो घर सोडून गुरूच्या शोधात निघाला. पुढे तो पंडित भीमसेन जोशी झाला. तबकडी निर्जीव असते असं म्हणणाऱ्यांनी या घटनेचं काय करायचं, ते ठरवावं.

आता ‘परक्यांचं’ या शब्दाकडे वळू. नव्या तंतुवाद्य मुद्रणांपैकी एक तरी थेट मुंबईचं आहे, आणि त्याची दखल मराठीत जितकी घ्यायला हवी होती तितकी घेतली गेली नाही.

वॉल्टर कॉफमन १९०७ मध्ये बोहेमियातल्या कार्ल्सबाड गावी जन्मले. बर्लिनमध्ये फ्रान्झ श्रेकरकडे रचना शिकले, प्रागमध्ये संगीतशास्त्राचा अभ्यास केला. जन्माने ज्यू. हिटलर सत्तेवर आल्यावर युरोपात पुढे काय वाढून ठेवलंय हे त्यांनी वेळेत ओळखलं आणि १९३४ मध्ये ते मुंबईत आले. येण्याआधी त्यांनी भारतीय संगीताच्या तबकड्या ऐकल्या होत्या. त्या त्यांना अगदी परक्या, अनाकलनीय वाटल्या होत्या. पण लाखो माणसं ज्या संगीतावर जीव टाकतात ते निरर्थक कसं असेल, उणीव आपल्याच कानात असणार, असा निष्कर्ष त्यांनी काढला. मग हे संगीत जिथे जन्मतं तिथेच जाऊन ते शिकायचं ठरवलं. एका परक्या माणसाने आपल्या संगीताबद्दल दाखवलेली ही नम्रता, त्याच्या संगीताबद्दल दाखवणं आपल्याला का जड जावं?

मुंबईत आल्यावर काही महिन्यांतच कॉफमन यांनी बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी सुरू केली. विलिंग्डन जिमखान्यात तिच्या नियमित मैफली होत. पियानोवर ते स्वतः, व्हायोलिनवर मेहली मेहता, चेलोवर इटालियन वादक व्हर्गा. मेहली मेहतांनी पुढच्याच वर्षी, १९३५ मध्ये, बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला आणि नंतर बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेटही. त्यांचा मुलगा झुबिन १९३६ चा, म्हणजे घरात चालणाऱ्या तंतुवाद्यांच्या तालमी ऐकतच तो वाढला. कॉफमन १९३७ पासून १९४६ पर्यंत आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर युरोपीय संगीताचा विभाग सांभाळत होते. सकाळी केंद्र सुरू होताना वाजणारी आकाशवाणीची ती धून, आधी तानपुऱ्याचा झंकार आणि मग त्यावर अलगद चढत जाणारं व्हायोलिन, त्यांच्याच नावावर सांगितली जाते, आणि ते व्हायोलिन मेहली मेहतांचं असल्याचं मानलं जातं. महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतल्या कित्येक पिढ्यांचा दिवस व्हायोलिनच्या या सुरांवर उजाडला आहे. ज्यांना पाश्चात्त्य तंतुवाद्यं आपल्या कानांना परकी वाटतात, त्यांनी ही धून मनात एकदा वाजवून पाहावी.

या बारा वर्षांत कॉफमन यांनी मुंबईत बसून भरपूर लिहिलं: स्ट्रिंग क्वार्टेट, व्हायोलिन सोनाटा, वाद्यवृंदाच्या रचना, चित्रपटांचं संगीत. १९४६ मध्ये ते इंग्लंडला गेले, मग कॅनडाला. विनिपेगचा ऑर्केस्ट्रा चालवला, नंतर अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात शिकवलं. उत्तर भारतीय रागांवरचा त्यांचा ग्रंथ १९६८ चा, दक्षिणेतल्या रागांवरचा १९७६ चा. १९८४ मध्ये ते गेले. अभ्यासक म्हणून नाव राहिलं, संगीतकार म्हणून मात्र पुसलं गेलं. हस्तलिखितं विद्यापीठाच्या संग्रहात पडून राहिली.

२०२० मध्ये टोरांटोच्या रॉयल कॉन्झर्व्हेटरीतल्या एआरसी आँसाँब्ल या गटाने शँडोस कंपनीसाठी त्यांच्या चेंबर रचनांचं, म्हणजे मोजक्या वाद्यांसाठीच्या रचनांचं, मुद्रण केलं. नाझी राजवटीमुळे देशोधडीला लागलेल्या संगीतकारांच्या रचना शोधून मुद्रित करण्याची या गटाची एक मालिका आहे, त्यातला हा एक भाग. त्यात सातवं आणि अकरावं स्ट्रिंग क्वार्टेट आहे, व्हायोलिन आणि पियानोसाठी सोनाटा आहे, एक सोनाटिना आहे, आणि तंतुवाद्यं व पियानो यांचं एक सेप्टेट आहे. क्वार्टेट म्हणजे दोन व्हायोलिन, एक व्हिओला आणि एक चेलो, एवढाच ऐवज. पण ऐकताना एक गोष्ट लक्षात येते. युरोपीय संगीतकारांनी पौर्वात्य वातावरणनिर्मितीसाठी ज्या ठरावीक युक्त्या वापरल्या, तसलं काही इथे नाही. खालचं वाद्य एखादा सूर धरून राहतं आणि वरचं वाद्य त्यावर घाई न करता एकेक स्वर उघडत जातं, अशा जागा येतात. तानपुऱ्याशी ज्यांचं नातं आहे त्या कानाला त्या लगेच ओळखू येतात. मग चारही वाद्यं एकमेकांचे धागे पकडून बोलू लागतात, आणि ती शिस्त प्राग-बर्लिनची असते. एका शहरात दोन परंपरा शेजारी राहिल्या की काय घडू शकतं, याचा हा कानांनी तपासता येईल असा पुरावा आहे. हे सगळं मुंबईच्या अनुभवातून आलं, आणि ऐकायला मिळालं ते टोरांटोच्या वादकांमुळे. पुढे बर्लिनच्या रेडिओ ऑर्केस्ट्राने त्यांच्या मोठ्या रचनाही मुद्रित केल्या, त्यांत ‘इंडियन सिम्फनी’ आहे.

टोरांटोच्या मुद्रणाआधी कॉफमन यांचं अकरावं क्वार्टेट मैफलीत ऐकायचं ठरवलं असतं तर कुठे जायचं होतं? मैफलीचा आग्रह इथे कोलमडतो. जी रचना कुणी वाजवतच नाही, तिच्यासाठी मुद्रण हा मैफलीचा कमअस्सल पर्याय ठरत नाही. बहुतेक वेळा मुद्रणच आधी येतं, आणि त्यामागून वादकांचं कुतूहल आणि मैफली येतात.

विवाल्दीच्या ‘फोर सीझन्स’चंच घ्या. आज लग्नाच्या सभागृहापासून जाहिरातींपर्यंत ती वाजते, म्हणून ती कायमच लोकप्रिय होती असा समज आहे. हे चार व्हायोलिन कन्चेर्टो १७२५ मध्ये अॅमस्टरडॅमला छापले गेले, पण नंतर दीर्घकाळ विस्मरणात होते. अमेरिकन व्हायोलिनवादक लुई कॉफमन (हे कॉफमन वेगळे) यांनी १९४७ च्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये त्यांचं मुद्रण केलं. ते गाजलं, १९५० मध्ये फ्रान्सचा मोठा पुरस्कार त्याला मिळाला, आणि तिथून या रचनेचा दुसरा जन्म सुरू झाला. बाखच्या एकल चेलोच्या सुइट्‌सची कहाणी याच जातीची. वादकांच्या हाताच्या सरावाची पुस्तकं म्हणून त्या बाजूला पडल्या होत्या. पाब्लो कसाल्स यांनी १९३६ ते १९३९ या काळात त्या सहाही मुद्रित केल्या, आणि आज चेलो शिकणारा कुणीही त्यांना वगळून पुढे जात नाही. अगदी अलीकडचं उदाहरण फ्लॉरेन्स प्राइस या आफ्रिकन-अमेरिकन संगीतकार बाईंचं. २००९ मध्ये इलिनॉय राज्यातल्या एका पडक्या घरात त्यांच्या हस्तलिखितांचे गठ्ठे सापडले, त्यांत व्हायोलिन कन्चेर्टो होते. २०१८ मध्ये त्यांचं मुद्रण निघालं, आणि २०२३ मध्ये रँडल गूझ्बी यांनी फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्रासह ते वाजवले. घराची दुरुस्ती करायला निघालेल्यांनी ते गठ्ठे टाकून दिले असते तर?

‘ढीगभर मुद्रणं आहेत’ या तक्रारीत एक भाग खरा आहे, आणि तो मान्य करायला हवा. मोठ्या कंपन्या नव्या तरुण वादकाला पुढे आणताना त्याच त्या चार-पाच कन्चेर्टोंवर पुन्हा पुन्हा पैसा लावतात: बेथोव्हन, मेंडेलसन, ब्राम्स, चायकोव्हस्की. पण याचा उपाय नवी मुद्रणं कमी करणं हा नव्हे, न मुद्रित झालेल्या रचनांकडे वळणं हा आहे. शिवाय जुन्या रचनेचं प्रत्येक नवं मुद्रण निव्वळ पुनरावृत्ती असतं, हेही खरं नाही.

बेथोव्हनच्या व्हायोलिन कन्चेर्टोवरून हे नीट दिसेल. १८०६ च्या डिसेंबरात व्हिएन्नात फ्रान्झ क्लेमेंट यांनी तो पहिल्यांदा वाजवला आणि नंतर तो फारसा कुणी हाती धरला नाही. १८४४ मध्ये लंडनला मेंडेलसन यांच्या संचालनाखाली बारा वर्षांच्या योआकिमने तो वाजवला, तेव्हापासून त्याला प्रतिष्ठा मिळाली. सुरुवातीला फक्त टिंपनी या तालवाद्याचे हलके ठोके, बाकी सगळं शांत. पहिल्या भागाच्या शेवटाकडे वाद्यवृंद थांबतो आणि व्हायोलिनवादक एकटा वाजवतो. त्या जागेला कडेन्झा म्हणतात. गंमत अशी की या जागेसाठी बेथोव्हनने व्हायोलिनकरता काही लिहूनच ठेवलेलं नाही. पुढे याच रचनेचं त्याने पियानोसाठी रूपांतर केलं, त्यातल्या कडेन्झात पियानोच्या जोडीला टिंपनी आणली. म्हणून व्हायोलिनच्या कडेन्झात काय वाजवायचं, हा प्रश्न प्रत्येक वादकासमोर नव्याने उभा राहतो. बहुतेकांनी क्राइस्लरची कडेन्झा घेतली. गिडॉन क्रेमर यांनी १९८० च्या सुमारास श्नित्केची कडेन्झा वाजवून खळबळ उडवली. पॅट्रिशिया कोपाचिन्स्काया यांनी बेथोव्हनची पियानोवरची कडेन्झाच व्हायोलिनवर आणली. व्हेरोनिका एबर्ले यांच्या २०२३ मध्ये आलेल्या मुद्रणात यॉर्ग विडमान यांच्या नव्या कडेन्झा आहेत, आणि व्हायोलिनच्या सोबतीला टिंपनी व डबल बास येतात. तीच बंदिश चार गवयांकडून ऐकण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांनी तरी ‘तेच ते पुन्हा’ अशी तक्रार करू नये.

वाद्याच्या परकेपणाचा मुद्दा तर महाराष्ट्रात उभाच राहू शकत नाही. गजाननराव जोशी, व्ही. जी. जोग, डी. के. दातार यांनी व्हायोलिनला ख्यालात मानाचं स्थान मिळवून दिलं. मांडी घालून बसायचं, वाद्याचं टोक पायाच्या घोट्याशी टेकवायचं, युरोपीय पद्धतीचं मिळवणं सोडून तारा षड्ज-पंचमात मिळवायच्या, आणि बोट न उचलता एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत मींड काढायची. लाकूड तेच, गज तोच. प्रभाकर जोगांनी ‘गाणारं व्हायोलिन’मधून मराठी भावगीतं वाजवली, तेव्हा ती शब्दांशिवाय ऐकूनही लोकांना शब्द ऐकू येत. तेही ध्वनिमुद्रणच होतं, आणि गावोगावी पोहोचलं ते त्यामुळेच. उलट दिशेचंही पाहा. येहुदी मेन्युहिन १९५२ मध्ये भारतात आले. पुढे रविशंकर आणि त्यांनी मिळून ‘वेस्ट मीट्स ईस्ट’ ही तबकडी केली, आणि तिला चेंबर संगीताच्या सर्वोत्तम वादनासाठीचा ग्रॅमी मिळाला. राग वाजवणाऱ्या सतारीला आणि व्हायोलिनला अमेरिकनांनी चेंबर संगीतात जागा दिली. १९७१ मध्ये रविशंकर यांचा पहिला सतार कन्चेर्टो आंद्रे प्रेव्हिन यांच्या संचालनाखाली लंडनमध्ये मुद्रित झाला, तर दुसरा, ‘रागमाला’, १९८१ मध्ये मुंबईच्या झुबिन मेहतांनी न्यूयॉर्कला उभा केला. कोण कुणाला परकं, याची वाटणी इतकी सोपी नाही.

‘यूट्यूबवर सगळं फुकट मिळतं’ हाही एक युक्तिवाद होतो. जे कुणीतरी खर्च करून, वादकांना मानधन देऊन, चांगल्या खोलीत चांगले माइक लावून मुद्रित केलं तेवढंच तिथे मिळतं. जे मुद्रितच झालं नाही ते फुकटही मिळत नाही. आणि चांगल्या मुद्रणाची गरज फोनवर ऐकणाऱ्यालाच जास्त असते. लोकलच्या डब्यात क्वार्टेटचा हळुवार भाग खडखडाटात बुडून जातो. उरतात ते फक्त मोठे आवाज. गाव झोपल्यावर, हेडफोन लावून ऐकलं, की व्हिओलाचा मधला आवाज वेगळा कळतो, गज तारेवर टेकतानाची खरखर कळते, वादकाने घेतलेला श्वासही कळतो. जुन्या ७८ आरपीएमच्या तबकडीवर यातलं फारसं काही उतरत नसे. चाळीस मिनिटांच्या कन्चेर्टोसाठी तबकडीच्या दहाएक बाजू उलटाव्या लागत.

हे सगळं लिहिण्याचं कारण घराजवळचं आहे. कॉफमन यांना कॅनडातले वादक भेटले. आपल्या माणसांचं काय?

अँथनी गोन्साल्विस गोव्यातल्या माजोर्डाचे, जन्म १९२७ चा. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत ते व्हायोलिनवादक आणि संगीत-संयोजक होते. संगीतकार प्यारेलाल त्यांचे शिष्य. ‘अमर अकबर अँथनी’मधल्या गाण्यात त्यांचं नाव आलं ते त्या गुरुऋणापोटी. लोकांना नाव आठवतं ते गाण्यामुळे, माणूस कुणाला आठवत नाही. या माणसाने १९५८ मध्ये भारतीय वादकांचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला होता, आणि राग व पाश्चात्त्य स्वरमेळ यांना एकत्र आणणाऱ्या स्वतःच्या रचना तो वाजवी. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. गोन्साल्विस यांच्या रचनांमध्ये सारंग रागावर आधारलेला व्हायोलिनचा कन्चेर्टो आहे. व्हायोलिन, वाद्यवृंद आणि आपला सारंग. तो आज महाराष्ट्रात किती जणांनी ऐकला असेल? २०१२ मध्ये गोव्यात त्यांचं निधन झालं.

वनराज भाटियाही १९२७ चेच. लंडनच्या रॉयल अकॅडमीत शिकून ते पॅरिसला नादिया बुलांजे यांच्याकडे गेले. ‘तमस’साठी आणि श्याम बेनेगल यांच्या चित्रपटांसाठी त्यांनी दिलेलं संगीत सर्वांना माहीत आहे. मैफलीसाठी लिहिलेलं त्यांचं संगीत मात्र चित्रपटांच्या सावलीतच राहिलं. २०२१ मध्ये ते गेले.

२०२७ मध्ये या दोघांची जन्मशताब्दी आहे. सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाकडे वादक आहेत, एनसीपीएकडे सभागृह आहे, आकाशवाणीकडे मुंबईतल्या पाश्चात्त्य संगीताचा इतिहास आहे, गोवा सरकारकडे आपल्या कलावंतांचा अभिमान आहे. शताब्दीचे सोहळे होतील, भाषणं होतील, पुष्पहार घातले जातील. त्यांवरच्या खर्चाचा एक भाग बाजूला काढून गोन्साल्विस यांचा सारंग रागातला कन्चेर्टो आणि भाटियांच्या तंतुवाद्य रचना चांगल्या दर्जाने मुद्रित कराव्यात, त्यांची स्वरलिपी छापावी, आणि ते मुद्रण कुणालाही, कुठूनही ऐकता येईल असं खुलं ठेवावं. आणि वाचकांना विनंती, तोवर थांबू नका. कॉफमन यांचं अकरावं क्वार्टेट आजच शोधून ऐका. ते मुंबईच्या काळातलं आहे आणि फोनवर मिळतं.